बटणावरचा अंगठा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले त्या वर्षी तिथल्या गुढियारी वस्तीतल्या एका प्रसूतिगृहात गरम पाण्याचा बॉयलर बसला आणि त्याच्या तापमानाचा आकडा भरण्याचे काम नीलकंठरावांकडे आले. त्यांची सारी हयात राइस मिलच्या बॉयलरवर धान उकडण्यात गेलेली. बोटांना नव्वद अंशांचीच सवय.

त्याच सवयीने एके दुपारी त्यांनी चाळीसऐवजी नव्वद भरले, खोलीला कुलूप लावले आणि ते जेवायला घरी गेले. पहिला घास उचलताच चूक ध्यानी आली. या वेळी तिथे त्यांच्याच नवजात नातीला पहिली आंघोळ घातली जाणार होती, आणि नळात थंड पाणी मिसळण्याची सोय अजून झालेली नव्हती.

ते धापा टाकीत पोहोचले, तेव्हा मंदाकिनीदाई बाळाचे अंग टिपत होती.

"काहून पळून राहिले, भैया? आजोबा झाले अन् पोट्ट्यावानी धावता! नातीची आंघोळ झाली. पानी एकदम कोमट होतं."

नीलकंठरावांचे डोळे भरून आले. ते बॉयलरच्या खोलीकडे वळले. कुलूप जसेच्या तसे होते, किल्ली त्यांच्याच खिशात होती. आत पॅनेलवर मात्र चाळीसचा आकडा शांतपणे उजळत होता.

"जो कोनी असान, बाप्पा," ते हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार मी जलमभर इसरनार नाही."

आणि देवाच्या पायाला स्पर्श करावा, तसा त्यांनी आकडा कमी करण्याच्या बटणावर अंगठा टेकवला.

बटण मऊ लागले, कोमटही. मग आतून एक इवलीशी मूठ त्यांच्या अंगठ्याभोवती हळूहळू मिटली.