कुलपातलं पिस्तूल

आमच्या शेजारचा ऑर्व्हिल शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावूनच हिंडतो. रीतसर परवाना आहे. विचारलं की म्हणतो, "नॅडीनसाठी. बायकोचं रक्षण नको करायला?"

परवा दोघं नातीच्या लग्नाला गाडीने मेन राज्यात निघाले. आमच्या व्हर्जिनियाचा परवाना वाटेतल्या मेरीलँड राज्यात चालत नाही, म्हणून हद्दीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर ऑर्व्हिलने गाडी थांबवली. गोळ्या काढून वेगळ्या डब्यात भरल्या, पिस्तूल पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावून ती डिकीत ठेवली.

"माझ्या बीपीच्या गोळ्या घरी विसरलास," मागच्या सीटवर पांघरूण घेऊन पडलेली नॅडीन म्हणाली. "ह्याच्या बऱ्या लक्षात राहतात."

"हं," म्हणत ऑर्व्हिलने कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं, आणि मग निघाला.

तासाभराने पोलिसाने अडवलं. मागचा दिवा बंद होता.

"काका, गाडीत हत्यार वगैरे?"

"आहे साहेब. रिकामं, कुलपात, डिकीत. गोळ्या वेगळ्या. ही किल्ली."

"वा. इतकं काटेकोर कुणी नसतं. सोबत कोण?"

"बायको. मागे झोपलीय."

पोलिसाने वाकून पाहिलं. पांघरूण होतं, तिची पर्स होती. नॅडीन नव्हती.

तेवढ्यात ऑर्व्हिलचा फोन वाजला. नॅडीन पेट्रोल पंपावरच्या फोनवरून बोलत होती; तो कुलूप ओढून पाहत होता तेव्हा ती बाथरूमला उतरली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.



"ऑर्व्हिल, पिस्तूल नीट आहे ना?"