पाणी कोणतं?

“हे वरचं पाणी आहे जी. कवेलूतून गळलेलं,” नंदा म्हणाली आणि ओली गोधडी छातीशी धरून उभी राहिली.

तिच्या सासूने, सुमित्राबाईंनी, हातातला खराटा भिंतीला टेकवला. पुराचं पाणी सकाळी उतरलं होतं. घरभर चिखल होता आणि तेव्हापासून त्या एकेक वस्तू नाकाशी नेऊन निवाडा करत होत्या. छपरातून गळलेलं पाणी असेल, तर वस्तू उन्हात टाकायची. धानाच्या बांधीतून, शेतातून शिरलेलं असेल, तर धुऊन उकळायची. मागच्या गोठ्यातून, शेणामुतातून आलेलं असेल, तर सरळ खड्ड्यात. तांदळाची अख्खी ढोली त्यांनी अशीच उपसायला लावली. खुशाल, नंदाचा नवरा, हात जोडत राहिला, पण त्या बधल्या नाहीत. गावात त्यांना दगडाच्या काळजाची म्हणतात ते उगाच नाही, असं नंदाला वाटलं.

गोधडी तिच्या मायने शिवली होती. माहेरी बोदलकशाला, सुपाएवढ्या ओसरीत पाय पसरून. हिरवं ठिगळ रोवणीच्या लुगड्याचं; पदर खोचून, गाणी म्हणत माय चिखलात वाकायची ते. जांभळं मंडईच्या जत्रेला नेसायच्या लुगड्याचं. एका कोपऱ्यातले टाके वाकडे होते. ते सात वर्षांच्या नंदाने घातले होते आणि मायने ते कधी उसवले नाहीत. माय जाऊन दोन वर्षं झाली होती. नंदाला आता सातवा महिना होता. बाळाला याच गोधडीत गुंडाळायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

सुमित्राबाईंनी गोधडीचा काठ मुठीत पिळला. काळं पाणी बोटांतून ओघळलं. वास नंदालाही आला.

“फेक.”

“उकळते न जी! काऊन फेकू? माझ्या मायची येवढीच खूण उरली.”

“लुगडं उकळून निघते, पोरी. गोधडीच्या पोटातलं निघत नाही.”

“तुमाले काय समजते मायची गोधडी!”

अंगणात खुशालचं फावडं थांबलं. त्या घरात सुमित्राबाईंपुढे कोणी कधी आवाज चढवला नव्हता.

त्या रागावल्या नाहीत. चिखलातच खाली बसल्या. हाताला धरून त्यांनी नंदालाही उंबऱ्यावर बसवलं.

“मलेबी माझ्या मायनं देली होती,” त्या म्हणाल्या. “खुशाल व्हायच्या आधी. असाच पूर आला होता. मी धुतली, चार रोज वाळवली अन् रुख्माले पांघरली.”

हे नाव नंदाने या घरात कधी ऐकलं नव्हतं.

“रुख्मा कोण जी?”

“माझी पोरगी. सव्वा महिन्याची गेली.”

नंदा उठली. दोघींनी दोन टोकं धरून गोधडी खड्ड्यापर्यंत नेली.