परतीची दोन तिकिटं

“जातानाचं एक, येतानाची दोन,” मान्तुली खिडकीतून म्हणाली.

लांबच्या बसगाड्यांची तिकिटं त्या गावात किराणा बाजाराच्या मागच्या खिडकीवर मिळत. आत थांडेका नावाची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. बाहेर मान्तुली आणि तिच्या मागे, पाऊलभर अंतर राखून, तिचा दीर झिबुसे. मान्तुली बावन्न वर्षांत डर्बनच्या पलीकडे गेलेली नव्हती. आता तिला समुद्राच्या कडेकडेने दिवसरात्रीचा प्रवास करून मॉसेल बेला जायचं होतं, एकटीने. तिच्या हातातल्या शाळकरी वहीत नद्यांची नावं होती, येतानाच्या क्रमाने लिहिलेली: स्टॉर्म्स, गामटूस, संडेज, फिश, केई, म्बाशे, म्झिम्वुबू, म्झिमखुलू. मेलेल्याच्या जीवाला काटेरी झाडाच्या फांदीवर बसवून घरी आणताना प्रत्येक पुलावर त्याला नदीचं नाव सांगावं लागतं. न सांगता पूल ओलांडला, तर तो मागच्या काठावर उभा राहतो.

एकाने जायचं आणि दोघांनी यायचं हा हिशोब त्या खिडकीला नवा नव्हता. थांडेकाने आवाज उतरवला.

“कोणाला आणायचंय, मा?”

“मुलाला. वेलाला.”

“आणि फांदी कोण धरणार?”

“मीच.”

“मी अजून सांगतो, वहिनी,” झिबुसे मागून म्हणाला, “हे बायकांचं काम नाही. घरच्या पुरुषाने आणायचं असतं.”

“पुरुषाने आणलं होतं की, भावोजी. तुमच्याच भावाला. खाणीवरून.”

झिबुसेने खिडकीवरच्या वेळापत्रकात लक्ष घातलं. फांदी हातात असेपर्यंत ती धरणाऱ्याने फक्त मेलेल्याशी बोलायचं, जिवंत माणसाशी एक अक्षरही नाही, हा नियम त्याला पाठ होता. तो त्यानेच अनेकांना शिकवला होता. पण भावाला आणताना व्हॅन रीननच्या घाटात त्याचा फोन वाजला होता आणि त्याने तो उचलला होता.

“दोनच शब्द बोललो गं मी.”

“हो ना. आणि माझा नवरा नऊ वर्षं त्या घाटात उभा आहे.”

थांडेका उगाचच कीबोर्ड पुसू लागली. मग म्हणाली, “मा, एक अडचण आहे. हा कॉम्प्युटर ओळखपत्राचा नंबर मागतो आणि मेलेल्या माणसाचा नंबर घेत नाही. मागच्या महिन्यात एक आजोबा आले होते, आजीला आणायला. शेवटी मी आजीची सामान म्हणून पावती केली. बायकोला डिकीत टाकलंस म्हणाले, आणि जाताना माझ्या अख्ख्या कुळाचा उद्धार करून गेले.”

“वेलाचा नंबर घेईल तो,” मान्तुली म्हणाली आणि तिने वहीतून घडी घातलेलं एक पत्र काढलं.

पत्र सरकारी होतं आणि त्याची भाषा निर्दोष होती. मॉसेल बेजवळ वेलाची मासेमारीची बोट अकरा माणसांसह बुडाली, हे त्यात मान्य केलेलं होतं. मात्र प्रेत हाती लागल्याशिवाय मृत्यू मान्य करता येत नाही, सबब दाखला मिळणार नाही, असंही नम्रपणे कळवलेलं होतं. कायद्याच्या दृष्टीने वेला मेलेला नव्हता; तो फक्त घरी येत नव्हता. या तत्त्वनिष्ठेची फळं बोटीच्या मालकांपर्यंतही पोहोचली होती: मृत्यू एकही नाही, त्यामुळे जाब द्यायचा कशाचा?

थांडेकाने नंबर टाकला. पडदा क्षणभर थांबला, मग हिरवा झाला. प्रौढ प्रवासी, एक.

“घेतला,” ती म्हणाली. “खिडकीची सीट देऊ त्याला?”

“दे. पण समुद्राच्या बाजूची नको. डोंगराकडची दे.”

झिबुसेने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “वहिनी, निदान फांदी तरी मी तोडून देतो. ओढ्याकाठी चांगलं झाड आहे. एक काटा सरळ, एक मागे वळलेला, जशी लागते तशी.”

“तोडा. तोडताना बोललात तरी चालेल.”

त्याने मान खाली घातली. मान्तुलीने झग्याच्या खिशातून आपला फोन काढला, बंद केला आणि न वळता खांद्यावरून मागे धरला. झिबुसेने तो दोन्ही हातांनी घेतला.

“मा, सीटचा मेसेज जातो,” थांडेका म्हणाली, “ज्याचा त्याला, त्याच्या फोनवर. तुमचा नंबर?”

“माझा घरीच राहणार. कागदावर दे.”

“आणि त्याचा?”

मान्तुलीने वही मिटली आणि वेलाचा नंबर सांगितला, दहाही आकडे, एकदाही न अडखळता. थांडेकाने ते टाकले, परत वाचून दाखवले, बटण दाबलं.

“गेला?” मान्तुलीने विचारलं.

“गेला, मा.”

“पोचला का?”

थांडेका पडद्याकडे बघत राहिली.

“ते इथून कळत नाही, मा.”