पंधरा सप्टेंबरची खीर

"मग राजा आपल्याच मुलीला मारून टाकतो?" हारूननं विचारलं आणि टोपी काढायची विसरून तो दारातच उभा राहिला.

"हो अब्बा, किल करतो," मुस्कान म्हणाली. "वॉरला जायचंय, पण विंडच नाही. सगळी जहाजं स्टक. मग तो घरी निरोप देतो, मुलीला पाठवा, तिचं लग्न ठरवलंय. ती नटून येते, आणि..." तिनं वहीच्या कडेनं स्वतःच्या गळ्यावर रेघ ओढली. "लगेच वारा सुटतो."

हारून जुम्म्याची नमाज पढून आला होता. आखातातल्या सहम गावच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. सप्टेंबर अर्धा सरला तरी जिना चढेस्तोवर सदरा अंगाला चिकटायचा. आज त्याला घाम फुटला तो मात्र थंड.

"हे असलं कोण शिकवतं तुम्हाला?"

"ललिता मॅम. ग्रीक ट्रॅजेडी आहे. कॉम्पिटिशनला करणार आम्ही."

स्वयंपाकघरातून शेवयांच्या खिरीचा वास येत होता, त्यात लोबानचा धूर. आज पंधरा सप्टेंबर. दर वर्षी या तारखेला नूरबानू खीर करी, वाडग्याशेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवी आणि ओठांतल्या ओठांत फातिहाची दुआ पढे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, नव्वद साली, हारून पोरीला कडेवर घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरला होता. कुवेतच्या लढाईतून बापलेक सुखरूप आले, त्याचा हा शुकराना, असं हारून समजत आला होता. बायकोनं तसं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. काही प्रश्न न विचारण्यावरच संसार उभा असतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

कारण ही मुस्कान, मुस्कान नव्हती.

खरी मुस्कान दीड वर्षाची असताना नूरबानूला क्षय झाला. पोरीला लागण नको म्हणून हारूनची बहीण रहिमा तिला आपल्याबरोबर कुवेतला घेऊन गेली. हारून तिथंच नोकरीला होता. पुढं रहिमा वारली. मग इराकचं सैन्य घुसलं आणि साडेचार वर्षांच्या पोरीला घेऊन हारून एका लॉरीतून जॉर्डनच्या वाटेनं पळाला. भर वाळवंटात रेडिएटर उकळला. ड्रायव्हर म्हणाला, पाणी द्या, नाहीतर सगळे इथंच मरा. चाळीस माणसांत एकट्या हारूनकडं पाण्याचा कॅन उरला होता, पोरीसाठी राखून ठेवलेला. चाळीस जण त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं कॅन दिला. लॉरी हलली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुस्कान त्याच्या मांडीवर गेली.

सरहद्दीवरच्या छावणीत तेवढ्याच वयाची एक पोर एकटीच रडत बसली होती. दोन दिवस विचारून पाहिलं, तिचं कोणी नव्हतं. हारूनच्या पासपोर्टात मुलीचं नाव होतं, फोटो नव्हता. तिकडं आजारातून उठलेली बायको डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. तीन वर्षांत पोर बदलतेच, कोण ओळखणार, असं त्याच्या त्या वेळच्या अकलेला वाटलं. विमानतळावर नूरबानूनं पोरीकडं बराच वेळ पाहिलं, तिच्या केसांतून हात फिरवला आणि मग तिला छातीशी घट्ट धरलं. हारूनचा जीव भांड्यात पडला. पण पोर अम्मी म्हणून हाक मारी तेव्हा अजूनही तो नजर दुसरीकडं वळवी. हे उघडं पडलं तर नूरबानू आपल्याला माफ करणार नाही, आणि पोरीला ना आई राहील ना बाप, या भीतीत त्यानं दहा वर्षं काढली होती.

"आणि राणीचं काय?" नूरबानूनं आतून विचारलं. खीर ढवळणारा डाव थांबला होता.

"क्वीन काहीच बोलत नाही, अम्मी. टेन इयर्स! राजा वॉर जिंकून घरी येतो. त्याला वाटतं, ही विसरली असेल. ती हसून दार उघडते."

"मग?"

"मग मारते त्याला."

"दहा वर्षं तोंड मिटून राहायचं, म्हणजे चेष्टा नाही," नूरबानू म्हणाली आणि डाव पुन्हा फिरू लागला.

चोराच्या मनात चांदणं. हारून पोरीच्या तोंडाकडं बघतच राहिला.

"तू कोण झालीस? राणी?"

"नाही, हरीण."

"हरीण कुठून आलं मध्येच?"

"स्टोरीत असं पण आहे की मुलगी मरतच नाही. देवी तिला उचलून नेते आणि तिच्या जागी हरीण ठेवते. हरणाला डायलॉग नाही. तिच्या जागेवर जाऊन उभं राहायचं, बस."

"खलास!" हारून ओरडला. "हे नाटकबिटक बंद. उद्याच मॅडमना सांगून टाक."

मुस्काननं वही मिटली. नूरबानू ओढणीला हात पुसत बाहेर आली.

"रात्री झोपेत बडबडता ते पुरत नाही वाटतं? आता दिवसाही सुरू?"

"झोपेत? काय बडबडतो मी?"

"झोपेतलं कोण ध्यानात ठेवतं!" ती म्हणाली आणि दस्तरखान अंथरू लागली. "बसा. आधी फातिहा होऊ दे, मग जेवा. नाटकाचं नंतर बघू."

तो बसला. समोर खिरीचा वाडगा, लोबानचा धूर आणि तो काठोकाठ भरलेला पेला. इतक्या वर्षांत त्यानं त्या पेल्याला कधी हात लावला नव्हता. आज घशाला अशी कोरड पडली होती की हात आपोआप पुढं गेला.

आईशेजारी डोईवर ओढणी घेऊन बसलेल्या पोरीनं त्याचं मनगट हळूच धरलं.

"ते नको, अब्बा," ती म्हणाली. "ते मुस्कानचं पाणी आहे. ती तहानलेली गेली ना."