मोठ्या बाईंची साक्ष

दोन्ही साबण बाईंच्या हातात देऊन वकील गोड हसले. एक ‘शुभ्रा’, दुसरा ‘शुभ्रिका’. दोन्हींचं वेष्टन निळं, दोन्हींवर पांढरा पक्षी.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं आणि अजूनही टरकून असायचं. ‘शुभ्रिका’वाल्यांचे हे वकीलसुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेले.

“बाई, घरी लग्नपत्रिका आली तरी तुम्ही आधी लाल पेन शोधता म्हणे. खरं ना?”

कोर्टात खसखस पिकली. बाईही हसल्या. “खरं आहे.”

“मग एवढ्या ठळक नावांतला फरक तुमच्या नजरेतून सुटेल? मला तरी पटत नाही.”

स्तुती कसली, सापळाच होता. समोरच्या बाकावर ‘शुभ्रा’चा मालक जीव मुठीत धरून बसला होता. वडिलांनी नावारूपाला आणलेला त्याचा साबण या नकलेपायी पार बदनाम झाला होता. गिऱ्हाईक खरोखर फसतं, हे कोर्टात सांगायला बाईंशिवाय कुणीही पुढे आलं नव्हतं. आपण बावळट ठरलो, हे चारचौघांत कोण कबूल करणार?

“घरातलं सामान सूनबाई आणत असतील,” वकिलांनी अलगद पळवाट दाखवली. “त्यांच्याकडून झालं असेल.”

सून मागेच बसली होती. तिनं गुपचूप मान खाली घातली. सासूबाईंसाठी एवढा आळ घ्यायची तिची तयारी होती.

“सुनेला मध्ये आणू नकोस!” बाई कडाडल्या. कोर्टात आहोत हे विसरून त्या सरळ अरेतुरेवर आल्या. “साबण मी आणला. नातवाच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा कारखान्यात जाऊन या मालकाला कामगारांसमोर फैलावर घेतलं, तेही मीच. त्या बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, बाई, हातातलं वेष्टन जरा वाचता का?”

“दुकानात का नाही वाचलंत?”

“वर्षानुवर्षं घरात असलेला साबण कुणी वाचून घेतं का रे? निळा रंग बघितला, पक्षी बघितला, उचलला.”

वकील खाली बसले. न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगू लागले, पण बाईंकडे बघून मध्येच थांबले. बाईंचे कान लाल झाले होते.

“साक्षीदाराचा किंचित गैरसमज झाला, असं घेऊ या का?” न्यायाधीशांनी हळूच विचारलं.

इथे कुणीही हो म्हणून मोकळं झालं असतं. बाईंनी एकदा सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली. निम्मे चेहरे त्यांच्याच वर्गातले होते.

“नको, साहेब. यांना कुणाला मी कधी अर्ध्या मार्काची सूट दिली नाही. ‘फसले’ असंच लिहा.”