कान तुटका कप

आप्पांनी सगळ्यांना कपबशीत चहा दिला. पहिल्यांदाच घरी आलेल्या निनादपुढे, सुगतच्या जोडीदारापुढे, मात्र कागदी ग्लास सरकवला.

सुगतचं डोकंच फिरलं. "आप्पा, पाटलाच्या ओट्यावर तुम्हाला वेगळा कप मिळायचा, तेव्हा कसं वाटायचं?"

"खबरदार! आमचा लढा माणुसकीचा होता. पोरा, तुमची ही थेरं त्याच्या पंगतीला बसवू नकोस!"

सुगतने शोकेस उघडलं. पाटलाकडून आप्पांनीच हिसकावून आणलेला तो कान तुटका कप दर चौदा एप्रिलला ते वस्तीतल्या पोरांना दाखवत. सुगतने ग्लासातला चहा त्यात ओतला आणि निनादपुढे ठेवला.

"उचल तो!" आप्पा ओरडले. "ह्या कपातून पुन्हा कुणी चहा प्यायचा नाही, शपथ घेतलीय मी!"

"मग पाळा की ती! उठा, कपबशी आणा."