काळ्या तोंडाची माणसं

"बसा बाई, बसा. चार महिने बोटीत काढलेत, पाय कुठले जाग्यावर असणार!" पॅस्कोबाईंनी दुकानातलं एक पिंप पुढं ओढलं आणि फिलिपाच्या हातात केशर घातलेला गोड पाव ठेवला. "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून खिडकी घासत होते. राख झाली, व्हिनेगर झालं. मेल्या त्या काचांत काळ्या तोंडाची भुतं दिसायची हो! आता बघा कशी लख्ख झालीय."

खिडकीतून खाणीचे मातीचे ढीग दिसत होते. त्यातल्याच एका खड्ड्यात फिलिपाचा नवरा गाडला गेला. ती तेव्हा बोटीत होती. कळलं ते ऑस्ट्रेलियाच्या बंदरात उतरल्यावर.

फिलिपाने पाव तसाच मांडीवर ठेवला आणि पत्र काढलं. सात वर्षांची तमसिन तिच्या झग्याला धरून उभी होती. तिचा जन्म बाप इकडे निघून आल्यानंतरचा.

"यांनी लिहिलं होतं, पॅस्कोंच्या दुकानासमोर पाचजणांचा फोटो काढलाय. फोटोची काच ओबेदकडे आहे, कागदावर उतरवून पाठवतो. पोरीने बापाचं तोंड पाहिलेलं नाही हो. आणि खरं सांगू? मलाही आता नीट आठवत नाही."

ओबेद फोटोवाला दारातच पाइप भरत उभा होता. त्याचा हात थांबला.

"बाई, इथं काच मिळते कुठं! न्यायला कोणी आलं नाही, की पुसून पुन्हा वापरतो. नाहीतर..." तो खिडकीकडे न बघता म्हणाला, "नाहीतर खिडकीला बसवायला देतो."

"म्हणजे?"

"काचेवर सगळं उलटं उमटतं. तोंड काळं, टोपी पांढरी. कागदावर छापलं की मग माणूस माणसासारखा दिसतो."

पॅस्कोबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"अरे मुडद्या, मग मला सांगायचंस ना!" त्या ओरडल्या आणि तिथंच रडायला लागल्या. "बाई, मी तुमच्यासाठीच हो... तुम्ही येणार म्हणूनच..."

फिलिपाने पत्राची घडी घातली. रागवायचं तरी कोणावर?

तमसिन खिडकीपाशी गेली होती. तळाच्या कोपऱ्यात फडकं पोचलं नव्हतं. तिथं एक करडा पट्टा राहिला होता.

"आई, इथं बूट आहे."

ओबेदने वाकून पाहिलं. बूटच होता, एवढासा, पांढरा.

"कडेला कोण उभं होतं?" फिलिपाने घाईने विचारलं. "आठवा ना!"

"पाचजण होते बाई. आता कसं सांगू?"

"बाबांचाच आहे ना गं, आई?"

फिलिपाने खिडकीबाहेर पाहिलं. खाणीवरून माणसं परतत होती. सगळ्यांच्या पायांत पॅस्कोंच्याच दुकानातले एकसारखे बूट होते.